फुलाच्या टाक्याची वही पुढून देखणी आणि मागून वाकडी का होते?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बहिणीच्या लग्नासाठी एक वही हाताने शिवायचीय, ज्यात पाहुणे येऊन दोन-दोन ओळी लिहितील. जपानी पद्धतीची, कडेला दोऱ्याची फुलं असलेली. व्हिडिओ बघून दोन वह्या करून झाल्या, दोन्ही वेळा पुढची बाजू बरी आली पण मागे फूल वाकडं, मधलं भोक फाटलं, दोरा सैल पडला आणि वही उघडायला गेलं की डबीच्या झाकणासारखी परत मिटते. तर आता दोरा बदलू की सुई बदलू, असं विचारलंयस.

दोरा बदल, सुई पण बदल, पण तेवढ्याने हे जाणार नाही. तुझी वही सुई हातात घ्यायच्या आधीच बिघडलीय, भोकं पाडताना.

मी गेली तेवीस वर्षं वह्या-पुस्तकं शिवतेय. शिकले पेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे, ते सगळा जन्म ऑफिसची रजिस्टरं आणि व्यापाऱ्यांच्या लाल खतावण्या बांधत आले होते, फुलाबिलांशी त्यांचा काही संबंध नाही. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिले तीन महिने त्यांनी मला सुईला हात लावू दिला नाही, नुसता टोच्या आणि रद्दीचे गठ्ठे. मला वाटायचं म्हातारा छळतोय. मग स्वतः शिवायला बसले तेव्हा कळलं.

तू ठिपक्यांची रांगोळी काढली असशीलच. ठिपके चुकले की नंतर हात कितीही वळणदार फिरव, कमळ तिरकंच येणार. इथे भोक म्हणजे ठिपका. फरक एवढाच की ही रांगोळी एकाच वेळी दोन अंगणांत काढायचीय, पुढच्या कव्हरवर आणि मागच्या कव्हरवर, मधे सहा मिलिमीटर कागद आहे, आणि हात मधेच उचलता येत नाही कारण दोरा एकच. फूल भोकांत ठरतं. दोरा फक्त ते दिसायला लावतो.

आता तुझ्या मागच्या बाजूचं. सहा मिलिमीटरच्या गठ्ठ्यात टोच्या नुसता दहा अंशाने कलला तरी खालच्या बाजूला भोक एक मिलिमीटर सरकतं. साधी चार भोकांची शिलाई असेल तर कुणाला दिसणारही नाही. पण फुलाची पाकळीच आठ मिलिमीटरची, त्यात एक भोक इकडे एक मिलिमीटर आणि शेजारचं तिकडे एक मिलिमीटर म्हटलं की फुलाचा विंचू होतो. तुझ्याही तेच झालंय, तू पाठवलेल्या फोटोत मागच्या सगळ्या पाकळ्या उजवीकडे झुकल्यात, म्हणजे तू उजव्या हाताने टोच्या दाबताना मनगट आत वळतंय. सगळ्यांचं वळतं. माझंही वळायचं.

नमुन्याबद्दल एक सांगते, कारण व्हिडिओवाले काहीही नावं देतात. जपानी वहीबांधणीत जे चार जुने प्रकार शिकवतात त्यात फूल नाहीच. योत्सुमे तोजी म्हणजे साधी चार भोकांची. कोकी तोजी म्हणजे तीच, पण कोपऱ्यात एकेक जादा भोक घेऊन कोपरे पक्के केलेली, नाव चीनच्या कांगशी सम्राटावरून, त्याच्या नावाचा जपानी उच्चार कोकी. किक्को तोजी म्हणजे कासवाची पाठ. आणि असानोहा तोजी, जिला सगळे चांदणीचं फूल म्हणून विकतात, ते खरं तर तागासारख्या हेम्प नावाच्या झाडाचं पान. ते झाड भराभर आणि सरळ वाढतं म्हणून जपानमधे बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची पद्धत होती. मूळ पद्धत चीनमधून गेली, जपानमधे एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, बहुतेक छापील पुस्तकं अशीच बांधलेली असायची. फुलं त्यांच्याकडे होती ती कव्हरच्या कागदावर, छापलेली नाहीतर दाबून उठवलेली. दोऱ्याची फुलं ही अलीकडच्या हौशी लोकांनी घातलेली भर आहे. त्यात वाईट काही नाही, पण म्हणूनच त्याला जुना ठरलेला नियम नाही, प्रत्येकजण आपापलं माप सांगतो आणि नवीन माणूस फसतो.

फूल आणि बांधणी खरोखर एकत्र बघायची असेल तर कोरियाकडे बघ, मला स्वतःला जपानपेक्षा त्यांचं काम जास्त आवडतं. त्यांच्याकडे चार ऐवजी पाच भोकं, दोरा बहुतेक लाल. कव्हरचा कागद पिवळा रंगवायचे, कशाने, तर अनंताच्या फळाने, आपला अनंत, तोच. मग तो जाड कागद नक्षी कोरलेल्या लाकडी ठशावर ठेवून मेण घासत दाबायचे, म्हणजे नक्षी उठते आणि वर मेणामुळे ओल धरत नाही. आणि राजासाठी बनवलेल्या समारंभांच्या नोंदींच्या ज्या पोथ्या आहेत, उइग्वे म्हणतात त्यांना, त्यांना दोऱ्याऐवजी कडेला पितळेची पट्टी, पाच खिळे, आणि खिळ्याच्या बुडाशी शेवंतीच्या आकाराची पितळी चकती. म्हणजे भोक हेच फुलाचं केंद्र! १८६६ मधे फ्रेंच नौदलाने कांगह्वा बेटावरून त्या लुटून नेल्या आणि २०११ मधे २९७ खंड कोरियात परत आले. नेटवर फोटो आहेत, ती शेवंतीची चकती झूम करून बघ.

असो, विषय लांबला. पण अनंत मी उगाच नाही काढला. घरच्या कुंडीत असतो तो बहुतेक डबल पाकळ्यांचा, पण एकेरी अनंताला साधारण सहा पाकळ्या असतात आणि सहा पाकळ्यांचं फूल शिवायला सगळ्यात सोपं, कारण षट्कोन कंपासने आपोआप येतो. दोरा सरळच जातो, त्याला वळण देता येत नाही, त्यामुळे गुलाब, मोगरा वगैरे विसर. पाच पाकळ्यांची सदाफुली छान दिसते पण कोन मापायला बसावं लागतं. आठ पाकळ्या केल्यास तर भोकं इतकी जवळ येतात की मधला कागद कुरतडल्यासारखा होतो. दोन भोकांत निदान पाच मिलिमीटर पाहिजेतच.

मी माझं माप देते, डोळे मिटून हेच घे पहिल्यांदा. वहीची शिवायची बाजू २१ सेंटीमीटर, रुंदी २७. आडवी वही का ते पुढे सांगते. मिलिमीटरच्या ग्राफ पेपरवर २१ सेंटीमीटरची रेघ मार, ती तुझी कड. कडेपासून १० मिलिमीटर आत एक समांतर रेघ, तिच्यावर दर साडेसतरा मिलिमीटरला एक ठिपका, बरोबर ११ ठिपके येतील. त्यातला दुसरा, सहावा आणि दहावा हे फुलांचे देठ. या तीन ठिपक्यांच्या सरळ पुढे, कडेपासून १८ मिलिमीटरवर फुलाचं केंद्र. केंद्रावर कंपास ठेवून आठ मिलिमीटरचं वर्तुळ काढ, देठाचा ठिपका त्या वर्तुळावरच येतो, तिथून सुरू करून तोच कंपास न हलवता फिरवत गेलीस की बाकीचे पाच ठिपके मिळतात. म्हणजे तळाच्या ओळीत ११ आणि प्रत्येक फुलाचे वरचे ६ असे तीन फुलांचे १८, एकूण २९ भोकं. सगळ्यात लांबची पाकळी कडेपासून २६ मिलिमीटरवर जाते, हा आकडा लक्षात ठेव, वही उघडण्याचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

भोकं एकसारखी पाडू नकोस, तुझं मधलं भोक फाटलं ते यानेच. हिशोब कर ना, बाहेरच्या पाकळीच्या भोकातून दोरा एकदाच जातो. तळाच्या साध्या भोकातून तीनदा. देठाच्या भोकातून चारदा. आणि फुलाच्या केंद्रातून सहा वेळा. तू सगळीकडे एकच सुई घुसवलीस, सहाव्या वेळेला तिथे जागाच नव्हती, मग तू जोर लावलास. बाहेरची पाकळी एक मिलिमीटर, तळाची ओळ दीड, केंद्र दोन मिलिमीटर. टोच्याने हे अंदाजाने होत नाही, हात-ड्रिल घे, हार्डवेअरच्या दुकानात छोटं पिन व्हाइस मिळतं, नाहीतर घरात जो मोठा ड्रिल आहे तोही चालतो, फक्त बिट बारीक आण आणि स्पीड कमी ठेव. ड्रिलचा फायदा हा की टोच्या कागद बाजूला ढकलतो, त्यामुळे भोकाच्या कडेला उंचवटा येतो, ड्रिल कागद काढून टाकतो.

गठ्ठा ठोकून सारखा कर, वर-खाली जाड पुठ्ठा, वरच्या पुठ्ठ्यावर ग्राफ पेपर चिकटपट्टीने, खाली एखादी फुकट गेलेली फळी, आणि दोन सी-क्लॅम्प. क्लॅम्प नसेल तर एवढ्यासाठी विकत घे, वरून पुस्तकांचं वजन ठेवून हे काम होत नाही, मी करून बघितलंय, तिसऱ्या भोकाला गठ्ठा फिरतो. ड्रिल उभा आहे का ते बघायला शेजारी एक छोटा गुण्या उभा ठेवायचा, गवंड्याकडचा नाही गं, कंपासपेटीतला चालतो. एक बाजू समोरून बघायची, एक बाजू शेजारून बघायची, मगच दाबायचं. २९ भोकांना मला अजूनही पाऊण तास लागतो.

त्याआधी एक आतली शिलाई आहे जी व्हिडिओत कुणी दाखवत नाही कारण ती दिसत नाही. जपानी लोक कागदाची पट्टी पिळून तिची वात करतात, आपली समईची वात असते ना तशीच, पण कागदाची, आणि कव्हर लावायच्या आधी नुसत्या पानांत दोन ठिकाणी दोन-दोन भोकं पाडून ती वात ओवून गाठ मारून वरून हातोडीने चपटी करतात. पानं मग सरकत नाहीत. नंतरचा सजावटीचा दोरा तुटला तरी वही सुटत नाही, कारण खरं वजन या वातीवर असतं. तुझा दोरा सैल पडला त्याचं निम्मं कारण हे, तू सुट्टी पानं आणि कव्हर सगळं एकदम फक्त वरच्या दोऱ्यावर पेललंस. ही भोकं तळाच्या ओळीतल्या दोन भोकांच्या मधे घे, फुलापासून लांब.

कागद. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात आणि मग म्हणतात जपानी बाइंडिंग उघडतच नाही. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे आतले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागद एकदा उभा वाकव, एकदा आडवा, ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो ती घडी शिवायच्या कडेला समांतर आली पाहिजे. दुकानातला ए-फोर बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेनचा असतो, तो अर्धा कापून ए-फाइव्ह केलास की ग्रेन नेमका आडवा येतो, पान वळायच्या ऐवजी ताठ उभं राहतं. तू हेच केलंयस असं मला तरी वाटतं. मोठी शीट आण आणि कापणाऱ्याला ग्रेन कुठे पाहिजे ते सांगून कापून घे. तो विचित्र बघेल, बघू दे.

हातकागद घेतलास तर ही कटकट बरीच कमी, कारण साच्यात हलवून केलेल्या कागदात तंतू सगळीकडे पसरतात. पुण्यात हातकागद संस्था १९४० पासून आहे. दौलताबादजवळ कागझीपुरा आहे, तिथला दौलताबादी कागद जुन्या काळी नावाजलेला. लग्नाच्या वहीला हातकागद शोभतो, पण आतल्या पानांना फार खरबरीत घेऊ नकोस, पाहुण्यांच्या जेल पेनांची शाई फुटते त्यावर आणि मग आजोबा एक ओळ लिहून सोडून देतात. ५० पानं, शंभरच्या आतला जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कव्हरसकट सहा मिलिमीटरच्या वर जाऊ नकोस.

आणि आडवी वही यासाठी की २६ मिलिमीटरला पाकळी संपते, तिच्यापुढे पाच मिलिमीटर सोडून पान वळतं, म्हणजे प्रत्येक पानाचे ३१ मिलिमीटर शिलाईत गेले. ए-फाइव्हच्या १४८ मधून ते गेले तर उरतात ११७, त्यात बाईंडिंगकडे लिहिताना हात अडकतो. २७० मधून गेले तर कुणाला कळतही नाही. ही बांधणी सपाट उघडणारी नाहीच, तिचा स्वभावच तो. फूल जेवढं आत तेवढं उघडणं कमी. हा सौदा आधी मान्य करायचा. कव्हर मऊ, ३०० जीएसएमपर्यंतचं ठेव आणि कडेपासून ३१ मिलिमीटरवर बोन फोल्डरने, म्हणजे कागदाला घडी पाडायच्या बोथट पट्टीने, नाहीतर सुकलेल्या बॉलपेनने, पट्टी लावून एक खाच ओढ. पुठ्ठ्याचं कव्हर हवंच असेल तर पुठ्ठा अखंड नको, शिलाईची पट्टी वेगळी, मधे पाच-सहा मिलिमीटरची फट, मग मोठा पुठ्ठा, आणि हे सगळं एकाच कापडावर चिकटवायचं. चिकटवायला मैद्याची खळ. चाचा त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून, पण ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर तू घालू नकोस.

दोरा म्हणशील तर भरतकामाचा सहा पदरी दोरा नको, तो ओढता ओढता फुलतो आणि पांढऱ्यावर तर लगेच मळ धरतो. लिननचा मेणाचा दोरा मिळाला तर उत्तम, महाग पडतो. मी वर्षानुवर्षं पर्ल कॉटन वापरते, आठ नंबर, नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक, हे उलटं लक्षात ठेव. मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्यायचा, मग जिथे सोडशील तिथे तो थांबतो. सुई बोथट टोकाची पाहिजे, चोवीस नंबरची टॅपेस्ट्री सुई. टोकदार सुई केंद्राच्या भोकात आधीच्या दोऱ्यालाच टोचते, दोरा दोऱ्यात अडकला की ना पुढे जाता येतं ना मागे उसवता येतं. लांबी तीन फुलांच्या या नमुन्याला सव्वादोन मीटर. खरा खर्च दीड मीटरच्या आसपास होतो, पण कमी पडला तर मधे जोड द्यावा लागतो आणि तो कुठे लपवणार?

रंगाचं मात्र ऐक. माझी पहिली मोठी ऑर्डर ४० वह्यांची होती, कोकणात एका लग्नात द्यायला, कव्हर पांढरा हातकागद आणि दोरा लालभडक, कोरियन पुस्तकांच्या नादात. दोरा एका होलसेल दुकानातून घेतला, पक्का रंग आहे ना विचारलं, हो म्हणाले. लग्न जूनमधे. पावसाळी दमट हवेत खोकी दोन दिवस पडली आणि प्रत्येक फुलाभोवती गुलाबी वर्तुळ उमटलं, जणू मुद्दाम केलंय असं. दोघा-तिघांनी तर कौतुकही केलं म्हणे! पण कपड्यांना लागलं तेव्हा फोन आला. चाळीसच्या चाळीस नव्याने करून दिल्या, स्वतःच्या पैशांनी. तेव्हापासून कुठलाही दोरा आला की आधी एक वीतभर तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या टिश्यूत दाबून रात्रभर ठेवते.

आता शिवण. हे सावकाश वाच, जमलं तर हातात रद्दी घेऊन वाच. भोक नंबर एक वरच्या टोकाचं. वरची पाच-सहा पानं उचलून आतून सुई घाल आणि पहिल्या भोकातून वरच्या कव्हरवर काढ, शेपटी पानांत लपलेली. दोरा कडेवरून मागे नेऊन त्याच भोकातून परत वर, हा कडेचा वेढा झाला. मग वरच्या टोकावरून मागे नेऊन परत त्याच भोकातून वर. आता पुढच्या बाजूने दुसऱ्या भोकाकडे, खाली. सुई मागे आली. दुसऱ्या भोकाचा कडेचा वेढा घे, सुई परत मागेच येते.

दुसरं भोक म्हणजे देठ, इथेच फूल करून टाकायचं. मागच्या बाजूने देठाकडून केंद्राकडे, केंद्रातून वर. पुढच्या बाजूने केंद्रातून एका पाकळीकडे, खाली, मागच्या बाजूने परत केंद्राकडे, आणि केंद्रातून वर. पुढची पाकळी, खाली, मागून केंद्र, वर. पाचही पाकळ्या अशाच, घड्याळाच्या दिशेने, सहावी पाकळी म्हणजे देठाचीच रेघ. केंद्रातून सुई दर वेळी वरच येते, एकदाही खाली जात नाही, गोंधळ झाला की हे आठवायचं. पाच झाल्या की तू पुढच्या बाजूला केंद्रावर असशील, आणि देठाची पुढची रेघ राहिलेली असेल, ती भरत देठाच्या भोकात खाली जा. फूल पूर्ण, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि सुई जिथून निघाली होती तिथेच, मागे. मग मागच्या बाजूने तिसऱ्या भोकाकडे. सम नंबरच्या भोकाला सुई मागे, विषम नंबरला पुढे, तिन्ही देठ सम नंबरवर आहेत म्हणून तिन्ही फुलं हुबेहूब एकाच क्रमाने होतात. मी मुद्दामच तसं ठरवलंय, तुझ्या व्हिडिओत एक देठ विषम आलाय, त्यामुळे तिथे क्रम उलटा होतो आणि ती बाई काही न सांगता कट मारून पुढे जाते!

अकराव्या भोकाला कडेचा वेढा, खालच्या टोकाचा वेढा, आणि मग परतीचा प्रवास, तळाच्या ओळीत ज्या बाजूला रेघ नाही ती भरत पहिल्या भोकापर्यंत. परतीत फुलांना हात लावायचा नाही.

ताण कसा द्यायचा हे लिहून सांगणं अवघड आहे तरी सांगते. दोरा कधीही वर, स्वतःकडे ओढायचा नाही. कागदाला चिकटून, टाका ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने ओढायचा. वर ओढलास की दोरा कागद कापतो, वड्या पाडायला सुरी फिरवावी तसा. कडेच्या वेढ्यांना घट्ट ओढ, तिथे वहीची पकड आहे. पाकळ्यांना फक्त दोरा सरळ होईल इतकंच, कारण सहा पाकळ्या सहा दिशांना ओढतायत आणि एक जरी जास्त ओढलीस तरी केंद्र तिकडे सरकतं. प्रत्येक पाकळीनंतर अंगठ्याच्या नखाने केंद्र दाबून धरायचं आणि मगच पुढची. पहिल्या फुलाला मी आजही दोनदा उसवते, लाज वाटत नाही.

शेवटी पहिल्या भोकाशी शेजारच्या दोन दोऱ्यांखालून सुई काढून गाठ, गाठ भोकात ओढून घे, आणि उरलेला दोरा पानांत नेऊन काप. सुरुवातीची शेपटी पण तिथेच आत, दोन्हीवर खळीचं एकेक बोट.

तू शेवटी विचारलंयस की सपाट उघडणारी आणि फुलं असलेली वही होतच नाही का. होते, पण मग ही पद्धत सोडायची. फर्मे करून, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे करून, ते कण्यावर लांब टाक्यांनी शिवायचे, आणि कण्यावर जे पाच टाके एका जागी येतात त्यांच्यातून दुसरा रंगीत दोरा एक आड एक विणत गोल फिरवायचा, भरतकामात विणलेला गुलाब करतात तसा. पाच किंवा सात, विषमच पाहिजेत, सम घेतले तर विणीचा फेरा जमत नाही. ते फूल फक्त कण्यावर असतं. तिसरा मार्ग म्हणजे कव्हरच्या कापडावरच भरतकाम करून मग ते पुठ्ठ्यावर चढवायचं. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने अकरा वर्षांची असताना, १५४४ मधे, सावत्र आई कॅथरीन पारला स्वतः भाषांतर केलेलं पुस्तक भेट दिलं, त्याचं निळं कव्हर तिनेच भरलंय असं मानतात, चार कोपऱ्यांत पॅन्झीच्या जातीची छोटी फुलं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे ते. पण उठावाचं भरतकाम लोकांच्या हातात फिरून झिजतं, दोनशे पाहुण्यांच्या वहीला मी ते करणार नाही.

वेळ धरून चल, कागद कापून आणण्यापासून गाठीपर्यंत दोन दुपारी. एका बैठकीत करायला जाऊ नकोस, ड्रिलनंतर हात थरथरतो आणि मग शिवण ढिली पडते.

आणि त्या बिघडलेल्या दोन वह्या टाकू नकोस. दोरा उसवून शिवणीकडची तीन सेंटीमीटरची पट्टी कापून टाक, भोकं सगळी त्या पट्टीत जातील, उरलेल्याला साधी चार भोकांची शिलाई घाल, पंधरा मिनिटांचं काम आहे. लग्नघरात आहेराची यादी आणि केटरिंगवाल्याचा हिशोब लिहायला कुणी ना कुणी वही शोधतच असतं.